लाल पट्टा, हिरवा पट्टा

रविवारी सकाळी त्या इमारतीच्या जिन्यावर एवढी गर्दी असायची की खाली उतरणाऱ्याला वर चढणाऱ्यांची समजूत घालत घालत यावं लागे. तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर टायपिंगचा क्लास, दुसऱ्यावर कायमची कुलूपबंद विमा कचेरी आणि तिसऱ्यावर ‘औषधमुक्त हृदय संशोधन केंद्र’. इमारतीला लिफ्ट होती. तिच्या दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी होती. पाटी छापील होती, तिला वरून प्लास्टिक होतं आणि चार कोपऱ्यांत चार स्क्रू होते. इतकी पक्की बसवलेली दुरुस्ती मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

वरच्या हॉलमध्ये शंभरएक माणसं खुर्च्यांवर आणि उरलेली भिंतीला टेकून उभी होती. मी पोचलो तेव्हा व्यासपीठावर एक निवृत्त बस कंडक्टर बसलेला होता. पांढऱ्या कोटातल्या एका मुलीने त्याच्या दंडाला लाल पट्टा बांधला, आणि पट्टा फुगत असताना त्याला नाव, वय, मुलं किती, सुना कशा वागतात असं भराभर विचारलं. सुनांचं उत्तर लांबलं. तेवढ्यात पडद्यावर रक्तदाबाचा भलामोठा आकडा उमटला, एकशे ब्याण्णव. हॉलभर हळहळ पसरली. मग कंडक्टरला आतल्या अंधाऱ्या खोलीत ‘लहर-खुर्ची’वर नेण्यात आलं. बाहेर आम्ही वीस मिनिटं मौन पाळलं. तो परत आला, त्याचा हात एका गुबगुबीत उशीवर ठेवला गेला, हिरवा पट्टा बांधला गेला, या वेळी कुणी सुनांबद्दल विचारलं नाही, आणि पडद्यावर आकडा आला, एकशे शेहेचाळीस.

टाळ्या थांबेनात. कंडक्टर डोळे पुसत म्हणाला की बावीस वर्षं गोळ्या खाऊन जे झालं नाही ते वीस मिनिटांत झालं.

अंधश्रद्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धूर, मंत्र आणि जटा येतात. इथे तसलं काही नव्हतं. इथे प्रोजेक्टर होता, आलेख होते, पांढरे कोट होते. बसलेल्यांत बँकेतले अधिकारी होते, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या, पाटबंधारे खात्यातले इंजिनियर होते. ही सगळी मंडळी बुवाबाजीला हसणारी होती. म्हणूनच त्यांच्यासाठी बुवाने दाढी काढून कोट घातला होता.

या बुवाला सगळे ‘सर’ म्हणत. मी मनात त्याला आलेखमहाराज म्हणत होतो. पन्नाशीचा सडपातळ माणूस, आवाज असा की लोणी कठीण वाटावं. हातात छडी. ती तो आलेखावरून वरून खाली फिरवायचा आणि लोकांच्या माना तिच्याबरोबर वरून खाली यायच्या.

“हृदय हा गवई आहे, मित्रहो,” आलेखमहाराज म्हणाला. “गवई बेसूर झाला तर तुम्ही त्याला काय देता? सूर देता. आणि डॉक्टर काय देतो? गोळ्या. औषध हा हृदयाचा अपमान आहे.”

घसा बसलेला गवई गोळ्या घेतो हे मला माहीत होतं. पण आजूबाजूच्या माना इतक्या भक्तिभावाने हलत होत्या की मी गप्प बसलो. त्या हलणाऱ्या मानांपैकी पहिल्या रांगेतली एक मान माझ्या दादाची होती, आणि मी जिने चढून आलो होतो तो त्या मानेसाठी.

दादा शिंपी आहे. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं चिंचोळं दुकान आहे, आणि अर्ध्या गावाच्या कमरांचा इतिहास त्याच्या मापवहीत आहे. लोक त्याला मास्तर म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एका कोटाचं कापड बेतताना तो टेबलावरच कोसळला. हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली. तेव्हापासून रोज तीन गोळ्या: एक रक्त पातळ ठेवायची, एक दाबाची, एक ठोके आवरणारी. घेत होता बिचारा नेमाने. पाच आठवड्यांपूर्वी वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, तुम्ही एकदा या,” ती म्हणाली. “यांनी गोळ्यांच्या डबीत बटणं भरलीत.”

मी गेलो. सात वारांचे सात कप्पे असलेली ती डबी. सोमवारात शर्टाची पांढरी, मंगळवारात पँटची काळी, बुधवारात कोटाची. दादाने ती मला कौतुकाने दाखवली. एवढी सोयीची वस्तू दोन वर्षं गोळ्यांनी अडवून ठेवली होती, असा त्याचा सूर होता.

मी त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं. शिंप्याला ऐकून घ्यायची सवय असते. गिऱ्हाईक काय वाटेल ते बोलतं, कापड शेवटी कात्री म्हणेल तसंच कापलं जातं. मी घरातलं दाब मोजायचं यंत्र काढलं. एकशे सत्तर आले. दादा म्हणाला, घरच्या यंत्रात घरातली भांडणं उतरतात. मी म्हटलं, भांडण कोण करतंय. तो म्हणाला, बघ, सुरू केलंस. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा एवढा आवाज केला की तो मुद्दा दादाच्याच बाजूचा ठरला.

त्याची एक गोष्ट मात्र मला खोडून काढता येईना. केंद्रात गेल्यापासून त्याला खरोखर बरं वाटत होतं. चेहरा हसरा होता. तीन गोळ्यांनी येणारी मरगळ गेली होती. रविवारी शंभर माणसं त्याच्या आकड्यासाठी टाळ्या वाजवत होती. आमच्या घरात त्याच्यासाठी शेवटच्या टाळ्या त्याच्या लग्नात वाजल्या असतील.

तर त्या रविवारी मी हॉलमध्ये बसलो होतो, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी मी हात वर केला. पडद्यावर लिहिलं होतं, ‘तीन हजार रुग्ण, शंभर टक्के यश’. मी विचारलं की या तीन हजारांपैकी आजारी किती पडले, गेले किती. आलेखमहाराजाने माझ्याकडे मायेने पाहिलं आणि सांगितलं की उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी एकही नाही. मी विचारलं, पूर्ण न करणाऱ्यांपैकी?

“ते संशोधनातून बाहेर पडले,” तो म्हणाला. “बाहेर पडलेल्यांची जबाबदारी संशोधनावर नसते.”

आणि पुन्हा माना हलल्या. विज्ञानाच्या बाईंचीही हलली.

दादाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे आधीचे चार रविवार एक वायरमन बसायचा, दादाचा तिथलाच दोस्त. दादा म्हणाला, त्याची श्रद्धा कमी पडली असेल. मी चौकशी केली. वायरमन चार दिवसांपासून इस्पितळात होता, डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, बोलणं गेलेलं. केंद्राच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असं लिहिलं होतं. मी दादाला हे सांगितलं. दादा म्हणाला की त्याने खुर्चीवरचे पाय नीट टेकवले नसतील. त्या क्षणी मला दादाचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण जाळी बसवलेल्या माणसाला हलवता येत नाही.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांचा दवाखाना दादाच्या दुकानासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. पाच आठवडे दादा त्यांना चुकवत होता. त्या दारात दिसल्या की हा शटर अर्धं खाली ओढून आत वाकून बसायचा. गिऱ्हाइकांची मापं तो म्हणे बसून घ्यायला लागला होता. बाईंनी माझं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्या आधी दादावर चिडल्या, मग त्या केंद्रावर आणि मग, मला वाटतं, साऱ्या मानवजातीवर. औषधाशिवाय दाब उतरतो, हे खोटं नाही, त्या म्हणाल्या. यावर जगभर नीट अभ्यास झाले आहेत. मीठ कमी करा, वजन उतरवा, रोज चाला, तंबाखू आणि दारू सोडा, झोप घ्या. दाब उतरतो, कुणाकुणाचा तर गोळी लागणार नाही इतका उतरतो. “हे मी या खुर्चीत बसून अठरा वर्षं सांगतेय. माझ्या जिन्यावर कधी गर्दी पाहिलीत?” त्यांच्या दवाखान्याला जिना नव्हता, पण मी ते बोललो नाही.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. दादाची गोष्ट वेगळी. त्याच्या नळीत जाळी आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी मनाने बंद केली तर जाळीत गुठळी होऊ शकते. ठोक्यांची गोळी एकदम सोडली तर हृदय उधळू शकतं. आज तो हसतोय, उद्या सकाळी हसेल की नाही हे त्यालाही माहीत नाही. आणि वाढलेला दाब कळत नाही, दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे खोटा आकडा दाखवणाऱ्याचं फार सोपं असतं.

शेवटी त्यांनी विचारलं, “ते मोजतात कसं?”

मी एवढा वेळ तिथे बसलो, भांडलो, पण मोजणी नीट पाहिली नव्हती. बाई म्हणाल्या, मग आधी ते पाहून या, भाषणं नंतर.

पुढच्या रविवारी मी स्वतःच रुग्ण म्हणून नाव घातलं. निघताना बाईंकडे दाब मोजून घेतला होता, एकशे चौतीस. केंद्रात तळमजल्यावर मोफत कॉफी मिळाली, कडक, दोन कप. मग तीन जिने. वर स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली उपचारानंतर मिळते असं सांगण्यात आलं. पोहोचलो तसाच, धापा टाकत, कॉफी पोटात घेऊन, पाय आवळून मी स्टुलावर बसलो. स्टुलाला पाठ नव्हती. हात खाली लोंबकळत होता. मुलीने लाल पट्टा बांधला आणि विचारलं की सध्या घरात कुणाशी पटत नाही. मी दादाबद्दल बोलू लागलो. एकशे सहासष्ट.

मग किल्ली मिळाली. त्या एका किल्लीनेच मला निम्मं बरं वाटलं. मग अंधारी खोली, मऊ खुर्ची, पायाखाली तांब्याचा पत्रा, खालून बारीक घरघर. ती घरघर ऐकताच मला कळलं की आत शिलाई यंत्राची मोटर आहे. वीस मिनिटं. मग उंच उशीवर हात, हिरवा पट्टा, संपूर्ण शांतता. एकशे वीस. मला जो आजार नव्हता त्यातून मी बरा झालो. टाळ्याही वाजल्या, आणि खरं सांगतो, छान वाटलं.

मी तडक दुकानात गेलो. कामाच्या घाईमुळे दादा त्या रविवारी केंद्रात आला नव्हता. जिने, कॉफी, कुलूप, स्टूल, प्रश्न, उशी, सगळं दादाला बोटांवर मोजून सांगितलं. मोटरचंही सांगितलं. तो म्हणाला, मोटर शिलाई यंत्राचीच आहे, पहिल्याच दिवशी ओळखली. त्या आवाजातच माझी चाळीस वर्षं गेली, म्हणून तर मला तिथे शांत वाटतं. बाकी जिने आणि कॉफीने चार-दोन आकडे इकडेतिकडे होतील, पन्नास होतात का?

हा प्रश्न चांगला होता. उत्तर बाईंकडून आणायचं ठरवून मी तिथेच मोडक्या खुर्चीवर बसलो, आणि दादा पुन्हा कामाला लागला. तेव्हा मी पाहिलं की तो काय शिवतोय.

मशीनवर लाल कापड होतं. बाजूला हिरव्याचा ढीग. केंद्राची दुसऱ्या गावात शाखा निघणार होती, त्यासाठी बारा जोड पट्टे. आधीचेही त्यानेच शिवले होते, बोलला नव्हता इतकंच. सरांनी स्वतः येऊन काम दिलं, सेवा म्हणून तो ते करत होता. त्याने एक जोड माझ्यासमोर ठेवला.

“ओळख, फरक काय?”

मी म्हटलं, रंग.

दादा हसला. त्याने पट्टे उलटे केले. दोन्हींची लांबी एक, रुंदी एक, वेल्क्रोची पट्टी एक. पण आत रबरी फुगा ठेवायचा खिसा लाल पट्ट्यात साडेसहा इंचांचा आणि हिरव्यात तेरा इंचांचा. लाल पट्ट्याच्या उरलेल्या जागेत त्याने फोम भरून वरून अशी शिवण मारली होती की बोटालाही कळू नये. बाहेरून दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत, ही सरांची अट. फार कौशल्याचं काम, दादा म्हणाला, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

मी विचारलं, सर असं का करून घेतात?

“गिऱ्हाइकाला कारण विचारायचं नसतं,” दादा म्हणाला. “गिऱ्हाईक म्हणतं माझी कंबर छत्तीस. मला अडतीस दिसते. मी तोंडाने छत्तीस म्हणतो, वहीत अडतीस लिहितो. पँट बसते, माणूस खूश होऊन जातो. कारण काय विचारायचं त्यात?”

मी उठलो, रस्ता ओलांडला आणि तपासणी चालू असताना बाईंच्या खोलीत शिरलो. पोटावर गार स्टेथोस्कोप असलेल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी फक्त साडेसहा आणि तेरा एवढंच सांगितलं. बाईंनी त्या गृहस्थांना शर्ट घाला म्हणून सांगितलं, आपलं यंत्र उचललं आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

दादाला शटर ओढायला वेळ मिळाला नाही.

बाईंनी आधी त्याच्याशी भांडण केलं नाही. म्हणाल्या, मास्तर, पाच मिनिटं पाय जमिनीवर टेकून, पाठ टेकून, तोंड मिटून बसा. शिंप्याला पाच मिनिटं गप्प बसवणं सोपं नाही, पण बाई घड्याळ हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्याच्याच टेपने दंडाचा घेर घेतला, साडेतेरा इंच. त्या दंडाच्या मापाचा आपला पट्टा बांधला आणि हात छातीच्या उंचीवर ठेवून दाब मोजला. एकशे अडुसष्ट. मग तीच नळी लाल पट्ट्याच्या फुग्याला जोडली. एकशे ब्याण्णव. मग हिरवा. एकशे साठ. शेवटी हिरव्या पट्ट्यासकट त्याचा हात उचलून मशीनच्या उंच झाकणावर ठेवला. एकशे पन्नास.

लहर नाही, तांबं नाही, जिना नाही, कॉफी नाही. त्याच जागी, त्याच माणसाचा, दहा मिनिटांत.

बाई सांगू लागल्या की दंड जाड आणि आतला फुगा तोकडा असला की दाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, फुगा फार मोठा असला की थोडा कमी. हात लोंबकळला की वाढतो, उचलला की उतरतो. धाप, कॉफी, बडबड, तुंबलेली लघवी, प्रत्येक जण आपापली भर घालतो. आधी सगळ्यांना एकत्र बोलवायचं, नंतर सगळ्यांना घालवून द्यायचं. पन्नास आकडे काय, त्याहून जास्तही उतरतील. पण दादाचं लक्ष नव्हतं. तो मांडीवरच्या लाल पट्ट्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत होता.

“म्हणजे मी लोकांच्या कमरेचं जे करतो,” तो हळूच म्हणाला, “ते तो माझ्या हृदयाचं करत होता. आणि शिवून मीच देत होतो.”

मग त्याने विचारलं की वायरमनलाही हाच पट्टा लावला असेल का. बाई म्हणाल्या, हाच. दादाने मशीनची वायर काढली.

त्या दिवसापासून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, बाईंनी नव्याने ठरवून दिलेल्या. आता राहिला होता पुढचा रविवार. त्या दिवशी दादाला गोळ्या कायमच्या सोडणारा केंद्राचा शंभरावा ‘मुक्तहृदय’ म्हणून व्यासपीठावर बोलावलं जाणार होतं. व्यासपीठावर काचेची मोठी बरणी असायची. मुक्त झालेल्याने शपथ घेऊन आपल्या उरलेल्या गोळ्या तिच्यात टाकायच्या. बाई म्हणाल्या, जिने चढायचे नाहीत. दादा म्हणाला, मी शिवलंय, मीच उसवणार. शेवटी तडजोड झाली. प्रत्येक मजल्यावर पाच पाच मिनिटं आम्ही चौघं पायऱ्यांवर बसत बसत वर गेलो, दादा, वहिनी, बाई आणि मी. लोक बाजूने धापा टाकत वर जात होते, आपापली भर घालायला.

दादाचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या. आलेखमहाराजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बरणी पुढे केली. दादा माइकवर म्हणाला, आधी एक शिवण तपासायची आहे. मुलीच्या हातातले लाल आणि हिरवा असे दोन्ही पट्टे त्याने घेतले आणि खिशातून कात्री काढली. शिंपी पट्टे हातात घेतो यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. फार तर दोरा कापत असेल. त्याने दोन्ही उसवले. आतले फुगे काढून एकमेकांशेजारी वर धरले आणि गळ्यातला टेप लावला.

“साडेसहा,” दादा म्हणाला. “तेरा.”

पुढे त्याने जे सांगितलं ते बाईंनी सांगितलेलंच होतं, फक्त शिंप्याच्या भाषेत. शर्ट लहान असला की माणूस जाडा दिसतो, तसं.

मला वाटलं, झालं. पण आलेखमहाराज तेवढ्यावर थांबणारा नव्हता. लाल पट्टा रोगाची लहर पकडतो, तो म्हणाला, ती आखूड असते. हिरवा आरोग्याची पकडतो, ती लांब असते. म्हणून मापं वेगळी. आणि काय सांगू, समोर माना हलल्या. तोकड्या फुग्याला टेप लावलेला दिसत असताना माना हलल्या. मी आयुष्यात इतका हताश कधी झालो नव्हतो.

दादा मात्र गिऱ्हाइकांना सरावलेला होता. त्याने पिशवीतून नवा कोरा जोड काढला आणि म्हटलं, मग उलटं करून बघू. आधी हिरवा, नंतर लाल. खुर्ची खरी असेल तर लालमध्येही दाब उतरेल. आलेखमहाराज म्हणाला की संशोधनाचा क्रम बदलत नाहीत. तेव्हा विज्ञानाच्या बाई उठल्या, आणि बऱ्याच आठवड्यांनी त्यांना आपण काय शिकवतो ते आठवलं असावं. संशोधनाचा क्रमच तर बदलून पाहतात, त्या म्हणाल्या.

निवृत्त कंडक्टर स्वतःहून पुढे आला. आधी हात उशीवर ठेवून हिरवा पट्टा, एकशे चोपन्न. खुर्चीत वीस मिनिटं बसून आला, शांत, प्रसन्न. दादाने लाल पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याऐंशी. मिनिटभराने त्याच हाताला हिरवा, उशीवर. एकशे बावन्न. कंडक्टर पडद्याकडे आणि मग पट्ट्यांकडे पाहत राहिला.

“म्हणजे त्या खुर्चीने काहीच झालेलं नाही?” त्याने विचारलं. “म्हणजे मी बरा झालेलोच नाही?”

आलेखमहाराजाने उपकरणं दूषित झाल्याचं जाहीर केलं, आलेखांची गुंडाळी काखेत मारली आणि हॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडला. मी त्याच्यामागे गेलो. लिफ्टचं दार उघडलं, तो आत शिरला आणि लिफ्ट सुरळीत खाली गेली.

मी परत आलो तेव्हा लोक बरणीभोवती जमले होते. आपापल्या गोळ्या शोधत होते. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, अर्ध्या तुटलेल्या, शंभर जणांच्या एकत्र झालेल्या. एक गृहस्थ पांढऱ्या गोळ्या निवडून खिशात भरत होते. डॉक्टरीणबाईंनी बरणी दोन्ही हातांनी ओढून घेतली आणि ओरडून सांगितलं की यातली एकही गोळी कुणी तोंडात टाकायची नाही, उद्या सकाळी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरकडे जायचं. काहींनी ऐकलं. काही जण दरवाजाजवळ कुजबुजत होते की शिंप्याला औषध कंपन्यांनी फोडलं.

एका बाईने विचारलं, मग औषधाशिवायचं खरं काहीच नाही का? हा प्रश्न मला त्या दिवसातला सर्वांत शहाणा वाटला. डॉक्टरीणबाईंनी मनापासून उत्तर दिलं. मीठ, चालणं, वजन, तंबाखू, झोप. मिठापाशी खुर्च्या वाजल्या. चालण्यापाशी मागची रांग उठली. झोपेपर्यंत समोर अकरा माणसं उरली होती, त्यातले आम्ही तीन आणि एक खरोखर झोपलेला.

उतरताना दुसऱ्या मजल्यावर दादा थांबला. पायरीवर बसला. वहिनी त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

“मला बरं वाटत होतं रे,” तो मला म्हणाला. “ते खोटं नव्हतं.”

मी म्हटलं, वाटणं खोटं नव्हतं, आकडा खोटा होता. तो म्हणाला, आकडा खोटा होता म्हणून तर बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाईंनी त्याला पाच मिनिटं गप्प बसवून योग्य पट्ट्याने दाब मोजला. एकशे छप्पन्न. उतरायला वेळ लागेल, म्हणाल्या. हृदयाचा आलेख काढला, त्यात एका कोपऱ्यात आधी नसलेली खूण दिसली. ती गोळ्या सोडलेल्या आठवड्यांतली की आधीची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दादा आता रोज संध्याकाळी चालतो, वाटेत इस्पितळात वायरमनकडे थांबतो. वायरमन अजून बोलत नाही. केंद्राची दुसऱ्या गावातली शाखा ठरलेल्या तारखेला सुरू झाली. तिथला शिंपी कोण, ते आम्हाला कळलेलं नाही.

म्हणून हे लिहिलं. उद्या तुमच्या गावात कुणी पांढऱ्या कोटात येईल, पडद्यावर उतरता आलेख दाखवेल आणि म्हणेल, गोळ्या सोडा. तुम्ही शिकलेले आहात म्हणून फसणार नाही असं समजू नका. शिकलेल्यांसाठीच तो आलेख असतो. तुम्ही फक्त विचारा, मोजलं कसं? आधी आणि नंतर एकाच पट्ट्याने, एकाच जागी, तितकाच वेळ गप्प बसवून मोजलं का? तुलनेसाठी साध्या खुर्चीत बसवलेल्यांचं काय झालं? आणि जे यायचे थांबले, ते कुठे आहेत? खरा संशोधक या प्रश्नांनी खूश होतो आणि कागद काढून बसतो. समोरचा चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा, जिना सावकाश उतरा आणि घरी जाऊन आपली गोळी घ्या.